ट्रकखालचे भाऊजी

भाऊजींना आठवायला गेलं की मला आधी त्यांचे पाय दिसतात, चेहरा मागून येतो. रुंद काळे तळवे, ग्रीसनं चमकणाऱ्या टाचा, आणि बाकीचा माणूस ट्रकखाली. आमच्या लाईनीतल्या इतर क्वार्टरांत दिवाळीला जावई यायचे ते कडक इस्त्रीची पँट घालून, मिठाईचा डबा घेऊन. आमचे यायचे ट्रक घेऊन, आणि चहा होईस्तोवर त्याच्याखाली गेलेले असायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमचे जवाई आले म्हणे? दिसले नाईत." मी म्हणायचे, "खाली वाकून पहा ना, काकू." ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण रस्त्याच्या कडेला ट्रकखालून पाय दिसले की माझी मान अजून आपोआप वाकते.

भाऊजी जामुलच्या सिमेंट कारखान्यातून माल वाहायचे. ट्रक आधीच्या मालकांनी पुरता पिळून घेतलेला. कुठल्याही कामाला किती वेळ आहे असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बस, दोन बोल्ट." जेवायला बोलावलं, दोन बोल्ट. ताईशी लग्न लागलं त्या दिवशीही भटजी हातात अक्षता घेऊन ताटकळत होते आणि नवरदेव मुंडावळ्या मागे सारून वऱ्हाडाच्या बसखालून ओरडत होते, "बस, दोन बोल्ट!"

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला होते. त्यांच्या लेखी माणूस एकतर परमनंट असायचा, नाहीतर तो माणूसच नसायचा. त्यामुळे जावई त्यांच्या घशाखाली कधी नीट उतरलेच नाहीत. "मामाजी, तुमची नोकरी परमनंट," भाऊजी म्हणायचे, "माझी गाडी तरी मले सोडून कुठं जाऊन राहिली?" बाबा पेपर उभा धरायचे. आमच्याकडे तो रागाचा पडदा होता.

आईची तऱ्हा वेगळी. ती भंडाऱ्याकडची. तिच्या गावात सासू जावयाशी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि मधल्या माणसाकरवी निरोप द्यायचा. आमच्या घरात हा मधला माणूस मी. मी तेव्हा दुर्गला बी.ए. करत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही कोणी न विचारता सांगते. भाऊजी मला नावानं हाक मारत नसत, "बी.ए." म्हणत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. तर ही बी.ए. पंगतीत उभी राहून निरोप वाहायची.

"त्यांले विचार, भाजी पाहिजे काय."

"भाऊजी, भाजी?"

"आईले सांगा, पाहिजे. पण तिखट जरा कमी चालते."

"त्यांले सांग, कमी तिखटाची भाजी बिमार माणसाले देतात."

दोघांमध्ये हातभराचं अंतर. दोघंही एकमेकांना छान ऐकू येत. तरी माझी सुटका नाही.

एका वर्षी ताई दिवाळीला माहेरी आली होती आणि भाऊजी तिला न्यायला आले. बाबा कधी नव्हे ते ट्रकमध्ये चढले आणि त्यांनी स्टेअरिंग फिरवून पाहिलं. ते अर्धं फिरलं तरी चाक जागचं हललं नाही. बाबा खाली उतरले ते लाल होऊन. "हे स्टेअरिंग आहे का पाळणा? याच्यात माझी पोरगी बसणार नाई. गाडी विका, मग न्या तिले."

ताईची भरलेली ट्रंक दाराशी होती. ती तिच्यावरच बसली, आणि बाबांकडेही पाहीना, नवऱ्याकडेही. भाऊजी हसले नाहीत. असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"विकून खाऊ काय, मामाजी? उद्या नीट करतो. तुमीच बसून पहा. नाई पटलं, तर एकटा जाईन."

सकाळी त्यांनी दुर्गहून दुसरा स्टेअरिंग बॉक्स आणला, जुनाच, पण धड. ट्रकचं तोंड आमच्या अंगणातल्या भाजीच्या बाडीत घुसवलं, डावं चाक काढलं, विटा रचून त्यांवर जॅक लावला. दुपारपर्यंत बॉक्स बसला. आता भाऊजी खालून सांधे पाहणार आणि वर कोणीतरी स्टेअरिंग फिरवायचं. बाबा रुसलेले, वांग्यांना पाणी सोडून पाठ करून बसलेले. ताईला त्यांनी शपथ घातलेली, ट्रकला हात लावायचा नाही. मला निरोपांचं काम. राहिली आई. तिनं लुगड्याचा काचा घट्ट केला आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. पदर डोक्यावर होताच.

"आईले सांगा, उजवीकडे."

"आई, उजवीकडे."

"त्यांले सांग, फिरवलं."

"भाऊजी, फिरवलं."

"अरे, ते मलेही दिसून राहिलं!"

लाईनीतल्या बायका कुंपणाशी उभ्या राहून हसत होत्या. मीही हसत होते. वांग्यांचं पाणी वाफा ओलांडून विटांखाली शिरत होतं, ते कोणीच पाहिलं नाही. आईला मात्र वर बसल्या बसल्या सीट कलल्यासारखी वाटली. मी "आई, डावीकडे" म्हणत होते, आणि तेवढ्यात ती अशी ओरडली की मागची लाईनही बाहेर आली.

"अबे निघ! निघ बाहेर, बैला! गाडी पडून राहिली!"

भाऊजी लोळत बाहेर आले. विटा सरकल्या, जॅक आडवा झाला आणि ट्रकचा डावा कोपरा धाडकन चिखलात बसला. त्यांची छाती होती तिथेच.

भाऊजी उठून बसले. चेहरा पांढरा पडलेला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "ऐकलं का, बी.ए.? आई माझ्याशी बोलल्या."

आई वर रडत होती आणि घसरलेला पदर शोधत होती. "त्यांले सांग..." ती म्हणाली.

बाबा उठले, नळ बंद केला, कोळशाच्या खोलीतून जाड फळ्या ओढत आणल्या आणि जॅक स्वतः लावला. संध्याकाळपर्यंत ट्रकखाली पायांच्या दोन जोड्या होत्या. मग दोघं जामुलपर्यंत चक्कर मारून आले.

"स्टेअरिंगचं हँडल वाकडं बसलं," बाबा उतरता उतरता म्हणाले.

"गाडी सरळ चालते ना, मामाजी?"

"चालते." एवढंच बोलून बाबांनी ताईची ट्रंक उचलली आणि केबिनमध्ये नेऊन ठेवली.

पुढे बाबा गेले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. आम्ही दोघीच बहिणी. मी नोकरीच्या गावी एका खोलीत राहत होते. आईनं मोहन नगरला आपल्या घरी राहावं, असं भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी आमची माणसं! सामान चढलं, तरी आई ओट्यावरून हलेना. गावाहून आलेले काका म्हणाले, "वैनी, जवायाच्या दारी राहाल? लोकं काय म्हणतील?"

भाऊजी केबिनचं दार उघडून उभे होते.

आई उठली. पदर डोक्यावर घेतला, काचा घट्ट केला. "ज्याले बैल म्हणून बाहेर काढलं," ती काकांना म्हणाली, "त्याच्या घरी आता कायची लाज?"

मग ट्रकपाशी गेली आणि माझ्याकडे न बघता थेट भाऊजींना म्हणाली, "हात दे, बाबू."

भाऊजींनी हात पँटला पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि पुढे केला.