घसरगुंडीवरचा तळहात

नल्लकुंट्याच्या नव्या बागेतला राखणदार रोज घसरगुंडीच्या पत्र्यावर तळहात टेकवायचा आणि मगच मुलांना वर सोडायचा. एकदा मला म्हणाला, "अब्बी नक्को साब, पत्रा गरम है." नातीच्या हट्टापायी मी ऐकलं नाही. तिच्या पोटऱ्या भाजल्या.

संध्याकाळी सून बागेत जाब विचारायला आली. मी राखणदाराकडे बोट दाखवून म्हणालो, "यानं सांगायला हवं होतं." ती त्याला वाटेल ते बोलली. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तिला म्हणाला, "गलती हुई अम्मा, कल से देखतूं."

वर्षभरानं, आज सुनेला खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे त्याला सांगा. सगळ्यांसमोर."

निघालोय. नातीला बरोबर घेतलंय. तिनंही ऐकायला हवं.