तीन मिलिमीटरचा ठोकळा

बालाजीराव तपासणीच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसत होते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत, आणि प्रत्येक खेपेतले नमुने त्यांच्या हाताखालून जात. २००६ च्या जूनमध्ये नोटीस लागली : तपासनिसांनी गणिताची लेखी परीक्षा द्यायची, दहापैकी सात गुण हवेत. नापास झालेल्याने मशीनवर जायचं, म्हणजे आठ तास उभ्याने काम. बालाजीरावांना तांबरमच्या स्टेशनचा जिनासुद्धा कठडा धरून उतरावा लागे. त्यांचे गुडघे पार गेले होते.

"तंबी, तूं इंजिनियर. मज शिकव," ते म्हणाले. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली त्यांची तंजावरी मराठी, मधेच तमिळ; तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी साताऱ्याहून नुकताच आलेलो. आनंदाने हो म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत मी कागदावर लिहिलं, x + ३ = ९.

"सोपं आहे. तीन पलीकडे न्यायचे. पलीकडे गेले की अधिकचे वजा होतात. नऊ वजा तीन, सहा."

"पलीकडे गेल्यावर वजा कां होतात?"

"तसा नियम आहे."

"कोणाचा?"

 दुसऱ्या दिवशी तयारी करून गेलो. म्हणालो, "x मध्ये तीन मिळवलेत ना? मग मिळवण्याच्या उलट वजाबाकी. दोन्ही बाजूंतून तीन वजा करायचे."

"डावीकडे तीन जास्त होते, काढले. सरि, बरोबर. उजवीकडच्या नवानें काय केलें? त्याचे कां कापायचे?"

"दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून."

"पुरियलै," ते म्हणाले. कळलं नाही. चार दिवस मी हा एकच शब्द ऐकत होतो. आमचे सुपरवायझर राममूर्ती जाता जाता म्हणाले, "यातला वाध्यार, म्हणजे मास्तर, कोण? दोघांची तोंडं सारखीच दिसताहेत."

खरंच होतं ते. सातवीपासून पदवीपर्यंत मी हजारो आकडे पलीकडे नेले होते. का, ते कधी विचारलं नव्हतं. आता खोलीवर बसून तेच समीकरण पुन्हा लिहायचो आणि बघत राहायचो.

पाचव्या दिवशी ते एक बुटका भाग मोजत होते. काट्याच्या मापयंत्राची टोकणी, म्हणजे भागाला टेकणारी सळई, त्याच्यापर्यंत जेमतेम पोचत होती, म्हणून त्यांनी भागाखाली तीन मिलिमीटरचा स्टीलचा ठोकळा ठेवला होता. काटा नऊवर. मग त्यांनी टोकणी उचलून ठोकळा काढला आणि ती पुन्हा भागावर सोडली. काटा सहावर आला. 

"तंबी, मी तीन कुठून काढले?"

"खालून."

"काट्यावरून कोणी काढले?"

"कोणीच नाही. तो आपोआप उतरला."

"मग 'दोन्ही बाजूंस करा' कां म्हणतोस? करणें एकदांच. दिसतें दोन ठायीं!"

मी मान डोलावली. पण हे मी सांगितलं तेच होतं की वेगळं, ते मला नक्की कळेना. त्यांनी लगेच पुढचं गणित दाखवलं, x − ३ = ६.

"आतां उणा तीनचा ठोकळा कुठून आणूं?"

मी त्यांचा ठोकळ्यांचा खण उघडून उगाच शोधत राहिलो. सोमवारी वरच्या मजल्यावर परीक्षा झाली. बालाजीराव कठडा धरून खाली आले आणि म्हणाले, "वजाचीं तिन्ही सोडवलीं."

"कशी?"

"फार वर्षांमागें ठोकळा खालीं विसरून त्याच्यावरच काटा शून्यावर आणला, मग ठोकळा काढून मोजत बसलों. दिवसभर सगळे भाग तीन कमी दाखवीत राहिले. राममूर्तीच्या किती शिव्या खाल्ल्या! मग प्रत्येक आकड्यास तीन परत दिले. इथेंही दिले. सहा आणि तीन, नऊ."

शुक्रवारी निकाल लागला. बेरजेची चार, वजाबाकीची तीन. बरोब्बर सात. टेबल त्यांचंच राहिलं.

दुपारी मी पेढे मागायला गेलो, तर त्यांच्यासमोर प्रश्नपत्रिका. x ÷ ४ = २ वर बोट. भागाकाराची तिन्ही त्यांनी कोरी सोडली होती.

"पास झालात की, बालाजीराव. आता कशाला?"

"पास झालों. पण हें पुरियलै."

"चार पलीकडे नेले की..." एवढं म्हणून मी थांबलो.  मग त्यांनी खणातून एकसारखे चार ठोकळे काढले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.