कागदावर नेमकी बसणारी गोळी

चूक माझी होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं टेक्ससमध्ये रानडुकरावर जी गोळी झाडली, ती मी निवडून दिलेली होती. इथे चेन्नईत बसून. आणि मी आयुष्यात कधी बंदूक चालवलेली नाही. पण एवढ्यावर मी हे लिहायला बसलो नसतो. डुक्कर जखमी होऊन पळालं, ते का पळालं हे मला त्यांचा फोन आला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. ते स्वतःच्या हाताला दोष देत राहिले आणि मी देऊ दिला.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्या प्रत्येक घराण्यात एखादा पूर्वज मोठा शिकारी होता असं सांगतात. आता शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीतलं जे काही उरलंय ते बोलण्यात. आमच्या घरात ते बोलणं माझ्याकडे आलं. मी चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. बेअरिंगच्या कड्यांची भोकं बरोबर मापाची आहेत की नाहीत, हे बघणं माझं काम. भोकाच्या आतल्या बाजूचा मला फार वर्षांचा नाद आहे, आणि त्या नादातूनच मी रायफलच्या नळीपर्यंत पोचलो. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती सरळ जाते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अक्षरशः झोप लागेना. मग कारखान्याच्या बसमध्ये जाता-येता फोनवर मी हेच वाचू लागलो.

अर्धस्वयंचलित रायफलीनं तर मला वेडच लावलं. साध्या रायफलीत एक गोळी झाडली की हातानं खटका मागे ओढून दुसरी चढवावी लागते. हिच्यात ते काम रायफल स्वतः करते. ज्या वायूच्या जोरावर गोळी पुढे जाते, त्यातलाच चिमूटभर वायू नळीच्या एका बारीक छिद्रातून बाजूला काढतात. तो मागचा भाग ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, नवं चढतं. तुम्ही फक्त पुन्हा चाप ओढायचा. ते छिद्र किती मोठं असावं? थोडं लहान झालं तर रायफल अडते, थोडं मोठं झालं तर झटका बसून भाग झिजतात. माझ्यासारख्या माणसाला यापुढे कादंबऱ्या फिक्या वाटल्या तर नवल नाही. असली रायफल आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे माझं प्रेम सुरक्षित होतं.

तेवढ्यात मेव्हण्यांचा फोन आला.

ते ह्यूस्टनपासून आत, एका लहान गावात नोकरीला आहेत. गाव इतकं लहान की दोन वर्षांत त्यांना एकाही घरातून बोलावणं आलं नव्हतं. आता पहिल्यांदा एका सहकाऱ्यानं बोलावलं होतं. त्याच्या मक्याच्या शेतात रानडुकरांनी धुमाकूळ घातला होता. तिकडे ती कितीही मारायला मोकळीक आहे. "तुझी रायफल घेऊन ये," असं तो म्हणाला होता.

"अण्णा, माझ्याकडे कुठली रायफल?" मेव्हणे म्हणाले. "दुकानात गेलो तर भिंतभर टांगलेल्या. विकणारा विचारतो, कुठलं कॅलिबर? मी म्हटलं, माझ्या बायकोच्या अण्णांना विचारून सांगतो."

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. कॅलिबर म्हणजे, अगदी ढोबळ सांगायचं तर, नळीच्या भोकाची रुंदी. माझाच विषय!

माझी बायको सांगलीची. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. "झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा माणूस रानडुकराची गोळी ठरवतोय," ती म्हणाली. "त्या डुकराला कळवा, बिनघोर राहा म्हणावं."

पुढचे काही आठवडे मी दुसरं काही केलं नाही. अर्धस्वयंचलितच घ्यायची हे लगेच ठरलं. डुकरं कळपानं येतात, पहिल्या आवाजाला उधळतात, तेव्हा खटका ओढत बसायला वेळ नसतो. कॅलिबर दोनांत अडकलं. एक थ्री-नॉट-एट. जड गोळी, जोरदार मार, पण खांद्यालाही जोरदार धक्का. दुसरं टू-टू-थ्री. बारीक, वेगवान, धक्का जवळजवळ नाहीच. डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढालच असते, तिथे बारीक गोळी पुरेल का, यावर जगभरची माणसं इंटरनेटवर एकमेकांशी भांडत होती. मी ती भांडणं चवीनं वाचली. शेवटी म्हटलं, नवा माणूस आहे, धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटेल, त्यापेक्षा हलकी बरी. टू-टू-थ्री. या निर्णयाबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही. भांडण अजून चालूच आहे.

मग गोळी.

एका शनिवारी मी मुद्दाम इथल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेलो. निव्वळ कुतूहलानं. काचेमागे दोन-तीन धूळ बसलेल्या बंदुका होत्या. मी मालकाला विचारलं, एकाच कॅलिबरमध्ये गोळ्यांचे प्रकार किती, निवडायचे कसे? तो हसला. तमिळमध्ये म्हणाला, "सार, इथं कोण निवडतो? जी येते ती घेऊन जातात." आणि मी ते मनात धरलं. गोळी ती गोळी. मग फरक उरतो कशाचा? अचूकतेचा.

मेव्हण्यांनी दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. हातात दोन खोके. "अण्णा, याच्यावर डुकराचं चित्र आहे बघा. गोळीचं टोक मऊ शिशाचं. हे दुसरं साधं, सगळी गोळी तांब्यानं मढवलेली. कुठलं घेऊ?"

मऊ टोक! मी तपासणी विभागातला माणूस. मऊ म्हणजे दबणार, मापात फरक येणार. मढवलेली गोळी सगळी एकसारखी, लक्ष्याच्या कागदावर भोकं एकमेकांना चिकटून पडतात, हे मी वाचलं होतं. "चित्राला भुलू नका," मी म्हटलं. "मढवलेली घ्या. नेमकी जाते."

"सरी, बरं अण्णा," ते म्हणाले आणि डुकराच्या चित्राचा खोका परत फळीवर ठेवला. ते मला अजून दिसतं.

नवरात्रात आयुधपूजा आली. आमच्या कारखान्यात यंत्रांना गंध-कुंकू लावतात, तशी बहिणीनं तिकडे पाटावर रायफल ठेवली आणि आम्हाला कॅमेऱ्यात दाखवली. वीणेचं चित्र, माझ्या भाचीची गणिताची पुस्तकं आणि शेजारी ती काळी रायफल. "अण्णा, कुंकू कुठे लावू? नळीला लावलं तर चालेल?" मी ओरडलो, नळीला नको, दस्त्याला लाव! माझी बायको हसून हसून लोळली. त्याच आठवड्यात मेव्हण्यांनी सरावाच्या कागदाचा फोटो पाठवला. भोकं अशी जवळजवळ की एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत. मी तो फोटो कारखान्यात चार जणांना दाखवला.

मग ते शिकारीला गेले.

दुपारी कळप मक्यातून बाहेर आला. मेव्हण्यांनी एका मोठ्या मादीवर नेम धरला आणि झाडली, पुन्हा झाडली. गोळ्या लागल्या, हे दोघांनीही पाहिलं. पण मादी पडली नाही. झुडपात शिरली. गवतावर रक्ताचे थोडेसेच थेंब होते, पुढे तेही थांबले. अंधार पडेपर्यंत दोघं शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सहकाऱ्याला ती ओढ्याकाठच्या चिखलात सापडली. जिवंत. त्यानं तिला संपवलं. मेव्हण्यांना तो एवढंच म्हणाला, "होतं असं कधी कधी." त्यानंतर त्यानं घरी बोलावलं नाही.

"माझा हात हलला असणार, अण्णा," मेव्हणे फोनवर म्हणाले. "कागदासमोर हलत नाही. जिवंत जनावरासमोर हलतो."

फोन ठेवल्यावर माझं कुतूहल पुन्हा जागं झालं. लागूनही का पडली नाही? मी वाचत बसलो, आणि दहा मिनिटांत उत्तर समोर होतं. इतके आठवडे मी नळीबद्दल, वेगाबद्दल, धक्क्याबद्दल वाचलं होतं. गोळी जनावराच्या आत गेल्यावर काय करते, हे एकदाही वाचलं नव्हतं. मऊ टोक हा कमीपणा नसतो. ते आत जाऊन पसरावं, रुंद जखम करावी आणि जनावर लगेच मरावं, म्हणूनच ते मऊ ठेवतात. पूर्ण मढवलेली गोळी सुईसारखी आरपार जाते. बारीक भोक, थोडं रक्त, आणि जनावर तसंच चालत राहतं. सरावासाठी ती उत्तम. शिकारीला ती घेऊ नये, हे कुठलाही शिकारी पहिल्याच दिवशी शिकतो. माझ्या शिकारी घराण्यात हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मी त्यांना फोन करायला हवा होता. हातातच तर फोन होता. मी केला नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा म्हणाले, हातच माझा हलला, तेव्हा मी म्हटलं, "होतं हो. सवयीनं जमेल." त्यांच्या सहकाऱ्याचंच वाक्य जवळपास, फक्त त्याला गोळी कुठली होती हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

बायकोला मात्र मी सांगितलं. ती या वेळी हसली नाही. "मग सांगा ना त्यांना," एवढंच म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

बहीण फोनवर सांगायची, दर रविवारी हे सरावाला जातात, कागदावर नेमकी भोकं पाडून येतात आणि आणखीच गप्प होतात. ऑफिसात त्या सहकाऱ्याला टाळतात. त्या गावातली एकच ओळख, तीही तुटत चालली. मी ऐकायचो आणि विषय भाचीच्या शाळेवर न्यायचो. ती मादी रात्रभर चिखलात कशी पडली असेल, हे मला बसमध्ये डोळे मिटले की दिसायचं. तरी मी बोललो नाही. घरात एका विषयात मला किंमत होती, ती जाईल याची भीती होती. दुसरं कारण शोधूनही सापडत नाही.

डिसेंबरात ते सगळे चेन्नईला आले. एका सकाळी बहीण आणि माझी बायको जॉर्ज टाउनमध्ये पितळी भांडी घ्यायला निघाल्या. आम्ही दोघं पिशव्या धरायला. बायका एका दुकानात शिरल्या तसे आम्ही समोरच्या हॉटेलात कॉफी घ्यायला बसलो. मेव्हण्यांनी टंबलरातली कॉफी डबऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत ओतली, परत ओतली, आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "अण्णा, रायफल विकून टाकतोय."

"का?"

"निघायच्या आधी त्या शेतवाल्या दोस्तानं परत विचारलं. जानेवारीत येतोस का म्हणून. मी म्हटलं नको, मला नाही जमत ते. जनावराचे हाल करायचा मला काय अधिकार? तो म्हणाला बरं. आता परत नाही विचारणार तो."

समोरच्या दुकानात माझी बायको एक परात उन्हाकडे धरून बघत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं की मला तसं वाटलं, कोण जाणे.

"तुमचा हात हलला नव्हता," मी म्हटलं.

ते हसले. "तुम्ही तिथं होता की काय?"

"नव्हतो. पण ते दोन खोके आठवतात? तुम्ही डुकराच्या चित्राचा घेत होता. तो बरोबर होता. मी ठेवायला लावला. मढवलेली गोळी जनावरासाठी नसतेच, ती आरपार जाते. तुम्ही नेमक्या जागी मारलंत, ती मादी माझ्यामुळे रात्रभर पडून राहिली."

त्यांनी डबरा खाली ठेवला. मग हळू विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं, अण्णा?"

मला वाटलं होतं, गोळीचं सांगितलं की सुटेन. हा प्रश्न येईल असं मी धरलंच नव्हतं. आत्ताच कळलं असं म्हणता आलं असतं. ते मानलंही असतं त्यांनी.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "तुम्ही शिकारीनंतर पहिला फोन केलात, त्यानंतर दहा मिनिटांत. आणि तरी मी तुम्हाला म्हटलं, सवयीनं जमेल. एवढे दिवस तुम्ही स्वतःला दोष देत होता, मी ऐकत होतो. चुकलं माझं. चुकीची गोळी निवडली ते अज्ञानानं, पण गप्प बसलो ते कळून. मला माफ करा. आणि त्या तुमच्या दोस्ताला फोन करा, गोळी बायकोच्या भावानं निवडली होती असं सांगा. हवं तर मी सांगतो त्याला, माझ्या इंग्रजीत. पण तुम्ही मला माफ करा."