साठावरचा काटा

बाबांची मोटारसायकल विकायची, असं आईनं फोनवर सांगितलं आणि मी लगेच हो म्हणाले. घरच्यांना शहाणपण शिकवायची मला हौसच आहे. बाबा सत्तरीचे. दोन वर्षांपासून मागं बसलेल्या आईला त्यांच्या खांद्यावरून मीटरचा काटा साठावर दिसायचा आणि ती त्यांचा शर्ट घट्ट धरून बसायची. "ह्या वयात साठ! मी नाय बसत आता," ती म्हणाली. बाबा भांडले नाहीत. नुसते गाडी पुसत बसले, ते मला बघवलं नाही.

रविवारी सकाळी गाडी चितेगावच्या एका गिऱ्हाइकाला दाखवायला निघालो. पैठण रस्त्यावर बाबा पुढं, मागं माझ्या स्कूटीवर आई आणि मी. "बघ, उडवायला लागले," आई कानाशी पुटपुटली. मी माझ्या मीटरकडं पाहिलं, तर पंचेचाळीस. बाबांशी अंतर मात्र तेवढंच.

चहाच्या टपरीवर मी हे सांगितलं. बाबा म्हणाले, "माझा काटा तर साठावर होता. तुझं मीटर खरं कशावरून?"

तीस वर्षं ते कारखान्यात माल तपासायला होते. तीनदा मोजल्याशिवाय त्यांनी कुणाचा साधा बोल्टही पुढं जाऊ दिला नाही. आता रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड हीच त्यांची मोजपट्टी. साठच्या वेगानं एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत बरोबर एक मिनिट लागायला हवं. मोबाइलवर वेळ कोण मोजणार? "तू तर माझ्या विरोधातली, मग तूच मोज," असं म्हणून त्यांनी आईलाच मागं बसवलं.

पहिली फेरी फुकट गेली. काटा साठावर गेला तशी आईनं डोळे घट्ट मिटले, त्यामुळं दुसरा दगड कधी गेला ते तिला कळलंच नाही. मी हसले, तर मलाच ओरडा बसला. पुढच्या तिन्ही वेळा भरली ती ऐंशी सेकंदं. म्हणजे पंचेचाळीस!

तेव्हा बाबांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी मीटर फुटलं होतं आणि मेकॅनिकनं दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं जुनं बसवून दिलं होतं. "आख्ख्या कारखान्याची मापं तपासली मी, अन् स्वतःचंच राह्यलं!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मला लाज वाटली आणि लई आनंदही झाला. गिऱ्हाइकाला फोन आईनंच लावला. "गाडी विकायची नाय," एवढं बोलून ठेवूनही दिला.

परतताना ती न विचारता बाबांच्या मागं बसली. थोडं पुढं गेल्यावर वाऱ्यावरून तिचा आवाज आला, "अहो, मग येऊ द्या की काटा ऐंशीवर!"

दोघं बघता बघता पुढं निघून गेले. मी मागून ओरडत राहिले, "हळू, बाबा, हळू!"