बिझेनची माती, इन्नंबूरचं चाक

शाळेतल्या मुलींना घेऊन मी स्वामीमलैला गेले होते. कुंभकोणमला मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे, आणि नववीच्या वर्गाला पंचधातूच्या मूर्ती कशा ओततात ते दाखवून आणणं दर वर्षी माझ्याकडे असायचं. मुली कारखान्याच्या आत मेणाच्या मूर्तीभोवती गर्दी करून उभ्या होत्या. बाहेर साच्यासाठी आणलेल्या कावेरीच्या गाळाचा ढीग होता आणि त्याच्याजवळ एक परदेशी बाई उकिडवी बसली होती. पन्नाशीची असेल. केस आखूड, पायात कॅनव्हासचे बूट. तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"कशी आहे?" मी इंग्रजीत विचारलं.

"बारीक आहे. मला मात्र भाताच्या शेताखालची माती हवी आहे."

ही आमची ओळख. साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी, नक्की आठवत नाही. ती जपानची, बिझेन नावाच्या भागातली, कुंभारांच्या घरातली. आमच्याकडच्या गावांच्या वेशीवर अय्यनार या ग्रामदेवाचे मातीचे घोडे उभे असतात, त्यांचा फोटो तिनं एका पुस्तकात पाहिला आणि ते घडवणाऱ्यांना भेटायला ती एकटी निघाली. लॉजवरच्या जेवणानं तिचं पोट बिघडलं होतं. आमची माडीवरची खोली रिकामी होती. सासूबाईंना विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "घरात मासमच्छी आणू नये म्हणावं." ती आली आणि दोन महिने रसमभात खाऊन राहिली.

आम्ही घरात काय बोलतो, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, आणि पुण्याच्या पाहुण्यांना आमचं बोलणं ऐकून हसू येतं. तिनं मान डोलावली. तोक्योत तिच्या बोलीचंही तेच होतं म्हणे.

शाळा सुटल्यावर आम्ही माडीवर कॉफी घेऊन बसायचो. मी इतिहासाची मास्तरीण, त्यामुळे प्रश्न माझेच जास्त. बिझेनच्या भांड्यांना झिलई नसते, रंग नसतो, नक्षी नसते. भाताच्या खाचरांखाली खोलवर सापडणारी चिकट माती आणि पाइनच्या लाकडाचा दहाबारा दिवसांचा जाळ, एवढंच. सुरुवातीला तिथे शेतकऱ्यांच्या वापरातलीच भांडी होत: बियाण्याचे रांजण, पाण्याचे माठ, खल. पुढे चहाचा समारंभ करणाऱ्या रसिकांना त्या ओबडधोबड भांड्यांत सौंदर्य दिसलं आणि शेतकऱ्याचा रांजण सरदारांच्या घरी जाऊन बसला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग दुसऱ्या गावांतून पांढरीशुभ्र चिनीमाती आली. हलकी, चकचकीत. आमचं कोण घेणार? भट्ट्या विझल्या. माझे आजोबा गटाराचे पाइप करत. जन्मभर पाइप केले. चांगले पाइप होते."

युद्धानंतर काही कुंभारांनी जुन्या भट्ट्यांच्या जागी सापडणारी खापरं जमवली, माती तपासली, जाळ पुन्हा शिकून घेतला. तिचे वडील त्यांतले एक. त्यांचं नाव झालं. ही एकुलती एक मुलगी. तीस वर्षं तिनं माती तुडवली, खडे वेचले, लाकडं रचली. चाक मात्र वडिलांचं, आणि भट्टी पेटली की बाईनं जवळ जायचं नाही. वडील गेल्यावर भट्टी चुलतभावाकडे गेली. हे सांगताना तिचा आवाज जराही बदलला नाही. मीच कॉफी गार होऊ दिली.

इन्नंबूरला एक कुंभार आहे, त्याच्या वडिलांनी घोडे केले होते, असं आमच्या दूधवाल्याकडून कळलं. एका रविवारी बसनं गेलो. घराच्या मागेच भाताची शेतं होती. कुंभार साठीचा, अबोल. घोड्यांची मागणी केव्हाच संपली होती. आता पोंगलला नवा भात शिजवायची मडकी, कार्तिकातले दिवे, एवढंच. पाण्याला बायका प्लास्टिकच्या घागरी नेऊ लागल्या होत्या. मी तमिळमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून तमिळमध्ये सांगत होते. तिनं शेतातली माती चाखली आणि पहिल्यांदाच हसली. मग चाकाकडे बोट दाखवून विचारलं, मी बसू का?

कुंभारानं मान हलवली. "नाही, अम्मा. चाकावर बाई बसत नाही. राग मानू नका."

मला हे तिला सांगायची लाज वाटली. मी शब्द शोधत होते, पण तिला ते आधीच कळलं होतं. ती चाकाला वाकून नमस्कार करून बाजूला झाली.

कुंभाराची बायको दारात उभी राहून पाहत होती. मडक्याला बाहेरून थापीनं चोपून आकार देण्याचं काम तिचं. ती मला म्हणाली, "त्यांना विचारा, चाकाशिवाय काही येतं का?"

येत होतं. बिझेनचे मोठे रांजण चाकावर नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून करतात. दुसऱ्या दिवसापासून दोघी अंगणात बसल्या. जपानी बाई वळ्या चढवायची, कुंभारीण आतून दगड धरून बाहेरून थापी मारायची. मी शाळेतून तिथे पोचेपर्यंत वीतभर काम वाढलेलं असायचं. माझी दुभाषी म्हणून गरज चार दिवसांतच संपली. आठवड्याभरात कमरेएवढा रांजण उभा राहिला.

सुकल्यावर तिनं त्याला भाताचा पेंढा गुंडाळला. बिझेनला पेंढा घालत तो भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. जिथे पेंढा जळे तिथे तांबडे पट्टे उमटत. कुणी ते मुद्दाम केलेलं नव्हतं. लोकांना आवडले, मग मुद्दाम करू लागले. इथल्या उघड्या भट्टीत तेवढी आच येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी गुंडाळला. आणि कुंभारानं भट्टी लावली तेव्हा दोन्ही बायकांना गोवऱ्या रचायला बोलावलं. जपानी बाईनं पेटती काडी त्याच्या हातून घेतली आणि स्वतः लावली. तो एक पाऊल मागे सरला.

रांजण निघाला तो विटकरी, आणि एका अंगाला मोठा काळा डाग. पट्टे एकही नाही. कुंभार ओशाळला. "वाया गेला. हा कोण घेणार?"

तिनं डागावरून तळवा फिरवला. "सांगा त्यांना, हाच भाग मी समोर ठेवला असता."

मी सांगितलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि दोघंही बराच वेळ हसत राहिले.

रांजण तिला नेता येण्यासारखा नव्हता. कुंभारणीनं त्यात चिंच भरली. निघताना जपानी बाईनं सासूबाईंच्या पायांना हात लावला, आमचं पाहून शिकली होती. पत्रं येत राहिली. तीन वर्षांनी तिनं कळवलं, की डोंगराच्या पायथ्याशी जागा घेऊन स्वतःची लहान भट्टी बांधली. पहिल्या खेपेला निम्मी भांडी फुटली. दुसऱ्या खेपेचा फोटो पाठवला होता; भट्टीच्या तोंडाशी ती, कपाळ काजळीनं माखलेलं.

नव्वद सालानंतर माझं इन्नंबूरला जाणं कमी झालं. मुलं मोठी होत होती, सासूबाईंचं आजारपण होतं. एकदा पोंगलच्या आधी मडकं घ्यायला म्हणून गेले. कुंभाराला पक्षाघात होऊन वर्ष झालं होतं. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. तो पडवीत खुर्चीवर बसला होता आणि अंगणात चाकावर त्याची बायको. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल.

मी उभीच राहिले. तिनं वर पाहिलं. "गावातले लोक चार दिवस बोलले, अम्मा. मग पोंगल तोंडावर आला, सगळ्यांना मडकी हवी होती."

कुंभार खुर्चीतून वाकड्या झालेल्या तोंडानं, अडखळत म्हणाला, "काठ जाड झाला."

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि ओला हात काठावर ठेवून चाकाला पुन्हा गती दिली.