तोटीचं भांडं

लाह्या विकायला बसण्याची मला कधी लाज वाटली नाही. वैताग होता तो लाह्यांसोबत आलेल्या बाकी सगळ्याचा. धूर, वारा, उधारीवर खाणारे ओळखीचे, आणि सगळ्यांत जास्त वैताग आमच्या ह्यांचा.

आमचे हे तांबट. नाशकात त्यांच्या हातचे हंडे आणि घंगाळी लोक लग्नाआधी सांगून ठेवून न्यायचे. पण मंदी आली आणि लोकांच्या घरात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, हलकी भांडी शिरली, तेव्हा आमच्या घरातली ठोकठोक दुपारपर्यंतच ऐकू यायला लागली, आणि पुढे तीही नाही. हे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तांब्याचे गुण सांगत राहायचे. ऐकणारे ऐकून घ्यायचे आणि जर्मनचंच पातेलं घेऊन जायचे.

माझं माहेर चांदवडचं. आमच्या शेजारी भडभुंज्याचं घर होतं. लहानपणी मी तिथल्या काकूंच्या भट्टीपाशी तासन्‌तास बसायची. त्यामुळे लाह्या कशा फोडायच्या हे मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. एके दिवशी मी ह्यांना म्हटलं, "बुधवारच्या बाजारात मक्याच्या लाह्या मांडून बघते. गुळाच्या."

"तांबटाची बायको लाह्या विकणार?"

"तांबटाची बायको उपाशी राहिली तर चालेल का?"

त्यावर ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

गुळाच्या लाह्यांची गंमत ही की कढईत थोडं तेल तापवून मका टाकायचा, फुटायला लागला की वरून किसलेला गूळ, आणि मग हात थांबवायचा नाही. हात थांबला की गूळ करपतो. पण उघड्या कढईत मका फुटतो कसला, उडतो! पहिल्या बाजाराला माझ्या निम्म्या लाह्या गोदावरीच्या काठावरच्या कोंबड्यांनी खाल्ल्या आणि उरलेल्यांतल्या काही शेजारच्या भाजीवालीच्या मेथीत गेल्या. तिनं त्याबद्दल मला दिवसभर ऐकवलं.

मी ह्यांच्याकडे एक झाकण मागितलं. साधं झाकण. मधे भोक, त्यातून उलथन्याचा दांडा जाईल असं.

ह्यांनी झाकण दिलं नाही. पडून राहिलेला सगळा तांब्याचा पत्रा काढला आणि अख्खं भांडंच घडवायला घेतलं. गोल पोटाचं, आवळ गळ्याचं, वर घट्ट बसणारं घुमटासारखं झाकण, त्यातून आत जाणारा दांडा, दांड्याला वर मूठ, आत लोखंडी पातं. मूठ पदरात धरून फिरवली की आतला मका ढवळला जायचा. आणि झाकणाच्या एका बाजूला, डौलात वाकलेली एक तोटी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"वाफ जायला."

"झाकण जरा उचललं की जाते की वाफ."

"तुला त्यातलं कळत नाही."

भांडं उत्तम चालायचं. हे मला कबूल करावं लागायचं, आणि त्याचाही मला राग यायचा. एक दाणा बाहेर उडत नव्हता, लाहीलाहीला गूळ सारखा बसत होता. पण भांडं आलं तसे हेही बाजारात यायला लागले. एखादी बाई विचारायची, "पुडी केवढ्याला?" मी उत्तर द्यायच्या आत हे सांगायला लागायचे, की बघा, ह्या भांड्याला कुठं सांधा दिसतोय का? एका पत्र्यातून ठोकून काढलंय. बाई सांधा शोधत उभी राहायची, तिचं पोर लाह्या लाह्या करत रडायचं, मागचे लोक पुढे सरकायचे. मी दांडा फिरवता फिरवता म्हणायची, "अहो, पुड्या बांधा." हे रद्दीचा कागद हातात घ्यायचे आणि तो हलवत बोलत राहायचे.

असंच एका चैत्रात आम्ही सप्तशृंगीच्या जत्रेला गेलो. गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला, चढायच्या वाटेवर जागा मिळाली. शेजारी मालेगावचे एक म्हातारे मणियार बांगड्या घेऊन बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. खानदेशातून पायी आलेल्या लोकांची रीघ लागली होती, ऊन भाजून काढत होतं, आणि वारा असा की चुलीचा धूर मी जिकडे सरकेन तिकडे. तरी सकाळी विक्री चांगली झाली. मी मनात म्हटलं, आज निभावतं बहुतेक.

तेवढ्यात एक खानदेशी बाई चुलीपाशी थांबली. भांड्याकडे, मग तोटीकडे बघून तिनं विचारलं, "हाई काय शे वं माय? दारूनी भट्टी शे का काय?"

सगळे हसले. मीही हसले आणि तिच्या हातावर चार लाह्या ठेवल्या. विषय तिथं संपला होता. पण आमच्या ह्यांना राहवेना.

"तसं म्हणाल तर दारूही निघेल ह्यातून," हे म्हणाले. "काहीही निघेल. भांडंच तसं आहे!"

गर्दीत डोक्याला टापर बांधलेला एक माणूस उभा होता. तो पुढे आला. "काय म्हणता? दारू निघेल? ती कशी?"

कुणीतरी आस्थेनं विचारतंय हे बघून ह्यांचा चेहरा उजळला. "अगदी सोपं. मोहाची फुलं भिजवून आत टाकायची, झाकण कणकेनं लिंपायचं, ह्या तोटीला वेळूची नळी जोडायची..."

मी ह्यांचं धोतर खाली ओढलं. ह्यांना वाटलं वाऱ्यानं उडतंय. धोतर सावरून ते पुढे सांगू लागले, "...आणि नळीवर गार पाण्याचं फडकं."

त्या माणसानं सदरा बाजूला करून कमरेचा पट्टा दाखवला. पट्ट्यावर अबकारीचा बिल्ला होता.

"चला तंबूत," तो म्हणाला. "भांडं घेऊन."

असं म्हणून त्यानं स्वतःच भांडं उचलायला मुठीला हात घातला. चुलीवरचं भांडं! त्यानं अशी बोंब मारली की वाटेवरचे लोक धावत आले. आत लाह्या फुटतच होत्या. मी म्हटलं, "जमादार, ह्या आधी काढून घेऊ द्या, गूळ करपेल."

"मुद्देमालाला हात लावायचा नाही!"

मग ह्यांनी गोणपाटानं धरून भांडं उचललं, पुढे जमादार भाजलेल्या हातावर फुंकर घालत, मधे हे, मागे मी. आतून ताडताड आवाज आणि तोटीतून धूर. वाटेतले लोक बाजूला होऊन बघत होते. गूळ करपल्याचा वास मला कळत होता आणि मी काही करू शकत नव्हते. जमादार वळून म्हणाला, "बघा, वास सुटलाय."

तंबूत अबकारीचे साहेब खुर्चीवर चहा पीत बसले होते. त्यांनी झाकण काढायला लावलं. आत काळाकुट्ट गोळा.

"हे काय आहे?"

"लाह्या होत्या, साहेब," मी म्हटलं. "तुमच्या माणसानं जाळल्या."

साहेबांनी ह्यांना विचारलं, "ह्यातून दारू निघते असं तुम्ही म्हणालात?"

"निघू शकते असं म्हणालो. मी काढलेली नाही. पण साहेब, तुम्ही हा गळा बघा. असा गळा वळवायला..."

"तोटी कशाला आहे?"

"वाफ जायला."

"वाफेचीच तर दारू होते, साहेब," जमादार म्हणाला.

ह्यावर हे रागावले. दारूच्या भट्टीची तोटी किती रुंद असते आणि ही किती अरुंद आहे, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली. इतकं बारकाईनं सांगितलं की साहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "तुम्हाला ह्यातलं बरंच माहीत दिसतंय," ते म्हणाले.

माझं डोकं भडकलं. आजवर परक्या पुरुषाशी मी अशी बोलले नव्हते, पण त्या क्षणी मला कसलीच भीड उरली नव्हती. मी म्हटलं, "साहेब, ह्यांना काही विचारू नका. हे उत्तर देतात. मला चूल द्या, थोडी राख द्या, आणि आमच्या जागेवरून मका आणि गूळ आणवा. काय निघतं ते डोळ्यांनी बघा."

साहेबांनी होकाराची मान हलवली.

जळका गूळ तांब्यावरून काढणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं काढलंय त्यालाच कळेल. मी राखेनं आणि वाळूनं घासत बसले. हे शेजारी उभे राहून सांगत होते, "जोर लावू नको, चरे पडतील." मी एकदा वर बघितलं. मग ते जरा लांब जाऊन उभे राहिले.

साहेबांच्या चहाच्या चुलीवर भांडं चढवलं. तेल, मका, झाकण. पहिला दाणा फुटला तसा जमादार दोन पावलं मागे सरला. गूळ टाकला, दांडा फिरवला, आणि सगळ्या तंबूत तो गोड खमंग वास पसरला. परातीत लाह्या ओतल्या तसे सगळे खायला लागले. जमादार डाव्या हातानं खात होता. पैशाचं नाव अर्थातच कुणी काढलं नाही.

तेवढ्यात चाचा आम्हाला शोधत तंबूच्या दाराशी आले. साहेबांनी त्यांनाही विचारलं, "ह्या माणसाला ओळखता?"

"सकाळपासून शेजारी बसून ऐकतोय, साहेब," चाचा म्हणाले. "बोलण्याखेरीज ह्यांना दुसरं व्यसन नाही."

साहेब पहिल्यांदाच हसले. "बाई, भांडं घेऊन जा. ती तोटी बुजवून घ्या. आणि ह्यांना दुकानावर बोलू देऊ नका."

"साहेब," मी म्हटलं, "हा हुकूम तुम्हीच लेखी द्या."

आम्ही परत आलो, तर मक्याच्या पोत्यात एका बकरीनं तोंड घातलं होतं. चाचा आमच्यासाठी तंबूत आले तेवढ्यात तिनं साधलं होतं. त्यांना तरी काय बोलणार? मी बकरी हाकलली, उरलेला मका निवडला, चूल पुन्हा पेटवली.

आणि मग खरा छळ सुरू झाला. गडाच्या अर्ध्या वाटेपर्यंत बातमी गेली होती की लाह्यांच्या दुकानात दारू सापडली. पोरंबाळं घेऊन आलेल्या बाया आमच्या समोरून जाताना पोरांना पलीकडच्या बाजूला घेत होत्या. आणि ज्यांनी यायला नको ते येत होते. एक जण माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, ती दुसरी हाय का?"

"कोणती दुसरी?"

"पहिल्या धारेची."

"इथं मक्याच्या लाह्या मिळतात."

"बरं, बरं," त्यानं डोळा मिचकावला. "लाह्या म्हणत्यात व्हय इकडं. द्या एक पुडी."

पुडी घेऊन तो झाडामागे गेला. थोड्या वेळानं लाल होऊन परत आला. "बाई, ह्यात निस्त्या लाह्याच हायेत!"

"मग काय असणार?"

"फसवता व्हय गरिबाला?"

असे संध्याकाळपर्यंत कितीतरी आले. आमचे हे मात्र पाठमोरे बसून होते. साहेबांनी तोटी बुजवायला सांगितली ह्याचं त्यांना दुःख झालं होतं. "कारागिरीची कदर नाही लोकांना," एवढंच ते अधूनमधून म्हणत होते.

परतीच्या बैलगाडीत मी दिंडोरीपर्यंत भांडं मांडीवर घेऊन बसले. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "अहो, एवढं सगळं झालं, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," हे गंभीरपणे म्हणाले. "मूठ लाकडी हवी होती. त्या बिचाऱ्याचा हात भाजला."

मी तोंड फिरवून घेतलं. पण खोटं कशाला सांगू, पदराआड मला हसूही आलं. लगेच पुन्हा रागही आला.

तोटी बुजवली. पण बोलणं थांबलं नाही, उलट त्याला आता विषय मिळाला. पुढच्या प्रत्येक जत्रेत हे अबकारीच्या तंबूची हकीगत सांगायला लागले. दर खेपेला ती वाढायची. साहेबांनी म्हणे उठून ह्यांचा हात हातात घेतला. साहेबांनी म्हणे असलं भांडं आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोक घोळका करून ऐकायचे, आणि उभ्या उभ्या लाह्या घ्यायचे. दांडा फिरवून फिरवून माझे खांदे भरून आले, आणि विक्री वाढली म्हणून ह्यांना गप्पही करता येईना.

नवरात्रात चांदवडच्या देवीच्या जत्रेत बसलो होतो, तेव्हा माझा धाकटा भाऊ त्या घोळक्यात उभा राहून सगळं ऐकत होता. हकीगत संपल्यावर तो चुलीपाशी आला, माझ्याजवळ वाकला आणि काळजीनं म्हणाला, "ताई, तू तंबूत रडलीस म्हणे? आणि भावोजींनी तुला धीर दिला?"

मी त्याच्या हातात गरम लाह्यांची पुडी कोंबली.

"खा मुकाट्यानं," मी म्हटलं.