गोल चौकातला सायकलवाला

शहाऐंशी-सत्त्याऐंशीत मी ठेकेदाराच्या बसने ऊर्जानगरला कामावर जायचो. वाटेतल्या गोल चौकात तो रोज दिसायचा. पँटीच्या पायाला सुतळी बांधलेली, हँडलला डबा. आमची बस वेग न आवरता चौकात शिरली, की आधीच चौकात असलेला हा माणूस सायकलवरून उतरायचा, पुढचं चाक उचलून मधल्या कठड्यावर टेकवायचा आणि बस गेली की टांग मारायचा.

एकदा पानठेल्यावर भेटला. मी म्हटलं, "भाऊ, उजवीकडून येणाऱ्याले आधी जाऊ द्याचा नियम हाये. तुमी काऊन उतरता?"

तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाला, "मले मालूम हाये. तुमच्या डायवरले सांगतलं का?"

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा ड्रायव्हरच्या मागेच बसलो होतो. चौक आला, तेव्हा मी पेपर उघडला.